एका वेळी एकच स्वर

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे, विरल नावाचे एक द्वीपकल्प आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज या दोन मित्रांनी हप्त्यांवर एक वाद्य घेतले. मॅक्लस्कीच्या आईकडे टपालाने माल पाठवणाऱ्या एका दुकानाचा जाडजूड कॅटलॉग येत असे. कपडे, भांडी, खेळणी यांच्या पानांत कुठेतरी कोर्ग या जपानी कंपनीचा एक छोटा सिंथेसायझर होता. हप्ता आठवड्याला ७ पौंड ७६ पेन्स, मुदत ३६ आठवडे. गुणाकार केला तर २७९ पौंड ३६ पेन्स होतात. या वाद्यात ठरावीक आवाज आधीच भरून ठेवलेले होते, आणि त्यावर एका वेळी एकच स्वर वाजत असे. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी स्वर एकच निघणार.

या दोघांनी आपल्या बँडचे नाव ‘ऑर्केस्ट्रल मनुव्हर्स इन द डार्क’ असे लांबलचक ठेवले. लोक त्याला ओएमडी म्हणू लागले. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे नाव घेऊन त्यांनी १९८० साली ‘इनोला गे’ हे गाणे काढले आणि ते युरोपभर गाजले. गाण्याची मुख्य धून सिंथेसायझरवर वाजते, आणि लहान मुलालाही एका बोटाने ती वाजवता येईल.

अशा बँडना पुढे ‘सिंथपॉप’ हे नाव पडले. १९७८ ते १९८५ या काळात असे डझनावारी बँड इंग्लंडमध्ये निघाले, गाजले, फुटले, काही पुन्हा जुळले. त्यांची कारकीर्द बहुधा केशभूषेवरून आणि भांडणांवरून सांगितली जाते. पण वाद्यांच्या किमती आणि वाद्यांच्या मर्यादा समोर ठेवून तीच कारकीर्द वाचली, तर वेगळेच चित्र दिसते. विज्ञानाच्या शिक्षकाला ते अधिक रुचेल असे वाटते.

विद्युतदाबाचे सप्तक

सतारीत तार कंप पावते, बासरीत हवेचा स्तंभ. सिंथेसायझरमध्ये कंप पावतो तो विद्युतदाब. आंदोलक नावाचे मंडल दर सेकंदाला ठरावीक वेळा दाब वरखाली करते आणि ध्वनिक्षेपक त्याचे हवेतल्या लहरींत रूपांतर करतो. असे आंदोलक पूर्वीपासून होते. अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतरचनाकाराच्या सहकार्याने १९६४ साली जे उपकरण बांधले, त्यातली खरी युक्ती अशी होती की आंदोलकाची वारंवारता दुसऱ्या एका विद्युतदाबाने ठरे. दाब १ व्होल्टने वाढवला की वारंवारता दुप्पट, म्हणजे स्वर एक सप्तक वर. २२० चे ४४०, आणखी एका व्होल्टला ८८०. सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक पट्टीला एका व्होल्टचा बारावा भाग वाढवायचा. वारंवारता दर वेळी सुमारे १.०५९५ पट होते. १.०५९५ ला स्वतःनेच बारा वेळा गुणून मुलांना उत्तर पाहू द्यावे. घातांकाचा याहून गोड दाखला क्वचितच सापडेल.

आंदोलकातून निघालेला ध्वनी कर्कश, भरगच्च असतो. मग गाळणीसारखे दुसरे मंडल त्यातल्या उच्च वारंवारता कमीजास्त करते, आणि तिसरे मंडल ध्वनी कसा सुरू व्हावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवते. पियानो आणि व्हायोलिन यांच्यातला फरक आपला कान बराचसा या शेवटच्या गोष्टीवरूनच ओळखतो.

आता एकाच स्वराचे कारण लक्षात येईल. पट्ट्यांच्या फळीतून बाहेर येणारा नियंत्रक दाब एकच. दोन स्वर एकदम हवेत तर सगळी मंडले दोनदा बांधायची, पाच हवेत तर पाचदा. खर्चही त्याच हिशेबाने वाढणार. शिवाय ट्रान्झिस्टरचे वर्तन तापमानाप्रमाणे बदलते. रंगमंचाच्या दिव्यांखाली वाद्य तापले की स्वर हळूहळू सरके, आणि वादकाला मधेच ते सुरात लावून घ्यावे लागे. तंबोऱ्याच्या जव्हारीशी झगडणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मूग यांची पहिली यंत्रे कपाटाएवढी होती. ती विद्यापीठांना आणि मोजक्या श्रीमंत संगीतकारांनाच परवडत. १९७० च्या सुमारास ‘मिनीमूग’ आला. तारांचा गुंता काढून टाकलेला, काखेत मारून नेता येईल असा. किंमत १४९५ डॉलर.

पश्चिम जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरातल्या राल्फ ह्यूटर याने तो घेतला. आपल्या फोक्सवॅगन मोटारीला जितके पैसे पडले, तितकेच या वाद्याला पडले, असे त्याने नंतर सांगितले आहे. ह्यूटर आणि बासरीवादक फ्लोरियान श्नायडर हे संगीतशाळेत भेटलेले दोघे जण. त्यांनी १९७० साली ‘क्राफ्टवेर्क’ स्थापन केला. या शब्दाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र. दोघेही खात्यापित्या घरचे होते, म्हणून स्वतःचा स्टुडिओ उभारणे, ढोलाच्या जागी धातूच्या चकत्या बसवून त्याचे पेटंट घेणे, अशा उचापती त्यांना जमल्या. १९७४ साली त्यांनी ‘आउटोबान’ ही तबकडी काढली. तिची एक पूर्ण बाजू म्हणजे महामार्गावरच्या प्रवासाचे बावीस मिनिटांहून मोठे एकच गाणे. अमेरिकी आकाशवाणी केंद्रांसाठी ते साडेतीन मिनिटांच्या आसपास छाटले गेले, आणि १९७५ मध्ये इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत ११ व्या क्रमांकावर पोचले. ते ऐकणाऱ्यांत मॅक्लस्की हा शाळकरी मुलगाही होता.

क्राफ्टवेर्कच्या चार जणांनी सूट-टाय घालून, हलचाल न करता, यंत्रांपुढे उभे राहून वाजवायला सुरुवात केली. लोकांना ते थंड आणि निर्जीव वाटले. पण गाणी मन लावून ऐकली तर प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे गुणगुणता येईल अशी आहे. एका ओळीत एकच स्वर, अशा तीन-चार ओळी एकमेकींत विणलेल्या. स्वरांचा गठ्ठा टाकून पोकळी भरण्याची सोय नसल्याने प्रत्येक स्वराला काम नेमून द्यावे लागे.

तबकडीच्या पाठीवरची सूचना

या वाद्याकडे संशयाने पाहणारेही होते. १९७३ सालच्या आपल्या पहिल्या तबकडीपासून ‘क्वीन’ हा रॉक बँड वेष्टनावर आवर्जून छापत असे की यात कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. तो शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि शाळेतल्या मुलांच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवत असे.

वेष्टनावरच्या सूचनेचे कारण तांत्रिक अभिमानाचे होते. गिटारवादक ब्रायन मे एकाच गिटारचे अनेक थर फितीवर एकावर एक ध्वनिमुद्रित करून व्हायोलिनांच्या ताफ्यासारखा परिणाम साधत असे. लोकांना ती यंत्राची करामत वाटू नये, म्हणून ती ओळ. त्याची गिटारही विकतची नव्हती. १९६३ साली शाळकरी वयात त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बांधायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, शिंपल्याची बटणे असला तिचा माल. मे पुढे भौतिकशास्त्र शिकला, बँडपायी संशोधन अर्धवट सोडले, आणि २००७ साली खगोलभौतिकीतली डॉक्टरेट पूर्ण केली.

१९८० च्या ‘द गेम’ या तबकडीत मात्र क्वीननेही सिंथेसायझर वापरला, आणि ती ओळ गेली. तोवर एकदम अनेक स्वर वाजवणारी यंत्रे आली होती. मला यात तत्त्वांना मुरड घातल्याचे दिसत नाही. ज्या कौशल्याची त्यांना जपणूक करायची होती, ते तोवर सिद्ध होऊन गेले होते.

शेफील्ड आणि बॅसिल्डन

सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी सिंथेसायझर स्वस्त केला आणि तो कामगार वस्त्यांत पोचला. शेफील्ड हे पोलादाचे शहर, तेव्हा उतरणीला लागलेले. तिथल्या नगरपालिकेच्या मदतीने मुलांसाठी ‘मीटव्हिसल’ नावाची नाट्य-कलाशाळा चालत असे. मार्टिन वेअर, इयन क्रेग मार्श अशी मुले तिथे एकत्र आली. मोठेपणी दोघेही संगणक चालवण्याची नोकरी करत होते. त्यांनी १९७७ साली सुरू केलेला बँड लवकरच ‘ह्यूमन लीग’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गायक हवा होता, तेव्हा वेअरला शाळासोबती फिलिप ओकी आठवला. ओकी रुग्णालयात रुग्णांना इकडून तिकडे नेण्याचे काम करी. त्याने कधी गायले नव्हते, पण तो दिसायला उठून दिसे, आणि तेवढे पुरले. बँडमध्ये ढोल नाही, गिटार नाही. आणखी एक गडी होता तो पडद्यावर स्लाइड दाखवण्यासाठी.

१९८० च्या अखेरीस, युरोपचा दौरा दोन आठवड्यांवर आला असता, बँड फुटला. वेअर आणि मार्श बाहेर पडले. ‘ह्यूमन लीग’ हे नाव आणि त्यावरचे कर्ज ओकीकडे राहिले. नाव सोडण्याच्या मोबदल्यात बाहेर पडणाऱ्यांना पुढच्या तबकडीच्या मानधनातला एक टक्का द्यायचे ठरले. ओकीला ना वाद्य वाजवता येत होते, ना हाती माणसे होती. शेफील्डच्या एका नाचघरात त्याने नाचणाऱ्या दोन मुली पाहिल्या. जोअॅन कॅथरॉल आणि सुझन सली या शाळेत शिकत होत्या. त्याने त्यांना दौऱ्यावर बोलावले. आईवडिलांनी ओकीची पारख करून होकार दिला, आणि शाळेनेही परवानगी दिली. परदेश पाहून मुलींचा शैक्षणिक फायदा होईल, असा शाळेचा विचार होता म्हणतात. आपल्याकडच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत हा अर्ज आला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वर्षभराने, ऑक्टोबर १९८१ मध्ये, या मंडळींची ‘डेअर’ ही तबकडी आली. निर्माता मार्टिन रशेंट याच्याकडे रॉजर लिन या अमेरिकनाने बनवलेले नवे तालयंत्र होते. आधीच्या तालयंत्रांतले ठोके विजेच्या मंडलांतून घडवलेले असत. यात खऱ्या ढोलांचे ठोके अंकांच्या रूपात साठवलेले होते. किंमत सुमारे ५००० डॉलर. स्मृतिचकत्या तेव्हा इतक्या महाग होत्या की झांजेचा दीर्घ निनाद साठवणे परवडेना, म्हणून या यंत्रात मोठी झांज नव्हतीच. ‘डेअर’ ऐकताना ही उणीव कानाला जाणवते आणि आवडतेही; ठोक्यांच्या मध्ये स्वच्छ मोकळी जागा आहे. त्यातले शेवटचे गाणे, ‘डोन्ट यू वॉन्ट मी’, वेगळे प्रसिद्ध करायला ओकीचा विरोध होता. ते त्या वर्षीच्या नाताळात इंग्लंडमध्ये आणि जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सोडून गेलेल्या दोघांच्या त्या एका टक्क्याला चांगलीच किंमत आली.

लंडनच्या पूर्वेला बॅसिल्डन हे युद्धानंतर वसवलेले नवे गाव. तिथे १९८० साली ‘डेपेश मोड’ तयार झाला. मार्टिन गोर बँकेत नोकरीला, अँडी फ्लेचर विमा कंपनीत, व्हिन्स क्लार्क गाणी रचणारा, आणि डेव्ह गॅन गायक. पहिल्या तिघांकडे प्रत्येकी एक सिंथेसायझर, तिन्ही एका वेळी एकच स्वर देणारे. वाद्ये काखेत घेऊन ते रेल्वेने कार्यक्रमांना जात. डॅनियल मिलर नावाच्या तरुणाने स्वतःची एक गाण्याची तबकडी काढण्यासाठी १९७८ साली ‘म्यूट’ ही छोटी कंपनी उघडली होती. त्याने यांना संधी दिली. लेखी करार नाही, नफा निम्मा-निम्मा, आणि हा तोंडी व्यवहार कित्येक वर्षे टिकला.

त्यांच्या १९८१ च्या पहिल्या तबकडीचे नाव ‘स्पीक अँड स्पेल’. हे एका शैक्षणिक खेळण्याचे नाव आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७८ साली ते मुलांना स्पेलिंग शिकवण्यासाठी काढले. एकाच चकतीवर मानवी आवाजाची गणिती प्रतिकृती बसवण्याचा तो आरंभीचा प्रयोग होता. खेळणे शब्द उच्चारी, मुलाने अक्षरे दाबायची. त्याचा नाकात बोलणारा आवाज संगीतकारांना फार भावला. ओएमडीने १९८३ साली आपल्या गाण्यात त्याला बोलते केले. शाळेच्या दप्तरातून थेट ध्वनिमुद्रण कक्षात गेलेले हे एक दुर्मीळ शैक्षणिक साधन!

बोटांचे काय?

मे १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर बंदी घालावी असा ठराव केला. मध्यवर्ती संघटनेने तो अमलात आणला नाही, आणि पत्रकारांनी त्याची पुष्कळ थट्टा केली. मला ती थट्टा रुचत नाही. व्हायोलिनवर हात बसायला दहा-बारा वर्षे लागतात. त्या हाताचे काम एका पेटीतून होऊ लागले, तर त्याने कुठे जायचे? हा प्रश्न काल्पनिक नव्हता. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात शंभर-शंभर वादकांचे ताफे असत आणि त्यांत गोव्याच्या व्हायोलिनवादकांचा मोठा भरणा होता. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेली ही माणसे. नव्वदच्या दशकात संगणक आणि सिंथेसायझर यांवर गाणी बांधली जाऊ लागली, तसे हे ताफे ओसरले. अनेकांची कमाईची वर्षे त्यात गेली.

‘यंत्र वाजवणे म्हणजे संगीत नव्हे’ हा आक्षेप मात्र वेगळा तपासायला हवा. तो आपल्या ओळखीचा आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यावर मींड निघत नाही, हे आक्षेप शास्त्राला धरून होते. तरीही गोविंदराव टेंब्यांनी तीच पेटी नाट्यसंगीतात अशी वाजवली की लोक तिची मर्यादा विसरले. मर्यादा खोटी नव्हती. तिच्या आत राहून कोण काय करतो, हा प्रश्न होता.

मर्यादा संपल्या तेव्हा

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसराही वाजे. डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने तयार झालेली ही ‘मिडी’ नावाची सामाईक भाषा आजही वापरात आहे. स्पर्धक कंपन्यांनी तिच्यावर मालकी सांगितली नाही, हे विशेष.

त्याच वर्षी यामाहाचा ‘डीएक्स-७’ बाजारात आला. त्याच्या मागची कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सुचली होती. एका लहरीने दुसरीची वारंवारता फार वेगाने हलवली, तर आपल्याला तो कंप ऐकू येत नाही, नवाच ध्वनी ऐकू येतो. दोन आंदोलकांत घंटा, पितळी वाद्ये, लाकडी वाद्ये यांच्या जवळपास जाता येते. अमेरिकन कंपन्यांनी यात रस दाखवला नाही, यामाहाने घेतला. दरम्यान विद्यापीठाने चाउनिंग यांना कायम केले नव्हते. पेटंटचे मोल कळल्यावर त्यांना परत बोलावले गेले. पुढे त्या पेटंटने विद्यापीठाला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले.

डीएक्स-७ वर एकदम सोळा स्वर वाजत, तो गरम झाला तरी सुरात राही, आणि किंमत २००० डॉलरच्या आत. लाखाहून अधिक विकले गेले. पण त्याचे नियंत्रण इतके किचकट होते की कारखान्यातून आलेले ठरीव आवाजच बहुतेकांनी वापरले. परिणामी १९८४ ते १९८७ ची शेकडो गाणी एकाच कुटुंबातली वाटतात. रॉक, सिंथपॉप, चित्रपटसंगीत, सगळीकडे तोच पियानो, तीच घंटा.

ज्या बँडनी तुटपुंज्या साधनांवर नाव कमावले, त्यांची खरी परीक्षा इथे सुरू झाली. ह्यूमन लीगने ‘डेअर’नंतरची तबकडी करायला तीन वर्षे घेतली, रशेंट मधेच सोडून गेला. आता काहीही करता येत होते, म्हणून काय करायचे हे ठरेना. अखेर १९८६ मध्ये मिनियापोलिसच्या जिमी जॅम आणि टेरी लुइस या निर्मात्यांनी त्यांच्याकडून ‘ह्यूमन’ हे गाणे गाऊन घेतले. ते अमेरिकेत पहिले आले, पण त्यात शेफील्ड शोधावे लागते.

क्राफ्टवेर्कची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७४ ते १९८१ या आठ वर्षांत त्यांनी पाच तबकड्या काढल्या. ‘द मॉडेल’ हे त्यांचे १९७८ सालचे गाणे तर चार वर्षांनी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, इंग्लंडमध्ये पहिले आले. त्यांच्या शिष्यांनी तोवर लोकांचे कान तयार केले होते. आणि नेमके तेव्हापासून गुरू मंदावले. पुढची तबकडी १९८६ मध्ये, त्यानंतर १९९१ मध्ये जुन्याच गाण्यांची नवी आवृत्ती, आणि पूर्ण नवी तबकडी थेट २००३ मध्ये. मधल्या वर्षांत जुने आवाज नव्या अंकीय यंत्रांत भरणे, पुन्हा भरणे, हेच चालले. ह्यूटरला सायकलिंगचे वेड लागले होते, तेही एक कारण. कार्ल बार्टोस या तालवादकाने कंटाळून १९९० मध्ये बँड सोडला.

ओएमडीची चूक उलट प्रकारची. १९८१ च्या तबकडीचा तीस लाखांवर खप झाल्यावर त्यांनी हाती आलेल्या ध्वनिनमुने साठवणाऱ्या यंत्राचा हौसेने उपयोग केला. १९८३ च्या ‘डॅझल शिप्स’मध्ये लघुलहरींवरची आकाशवाणी केंद्रे, वेळ सांगणारी टेलिफोन सेवा, कारखान्यांचे आवाज असे काय काय आहे. जवळजवळ नव्वद टक्के श्रोते त्यांना सोडून गेले. माझ्या मते ती त्यांची सर्वांत धाडसी तबकडी आहे, आणि आज समीक्षकही तसेच म्हणतात. पण बिले समीक्षक भरत नाहीत. बँड पुढे बेताच्या गाण्यांकडे वळला, १९८९ मध्ये हम्फ्रीज बाहेर पडला, आणि २००६ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले.

डेपेश मोड तरला. क्लार्क पहिल्याच तबकडीनंतर १९८१ मध्ये निघून गेला होता. गाणी रचण्याची जबाबदारी गोरवर पडली आणि ॲलन वाइल्डर हा पियानो शिकलेला वादक आला. १९८३ मध्ये नमुने साठवणारे यंत्र यांच्याही हाती आले. तेव्हा हे लोक लंडनमधल्या पडक्या, बांधकाम चाललेल्या जागांत गेले, पत्रे, नळ, दगड बडवून त्यांचे आवाज घेतले, आणि ते तालासाठी वापरले. इतरांकडे नसलेला आवाज हवा तर तो स्वतः गोळा करायचा, हा त्यांचा नियम झाला. १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानात त्यांना ऐकायला साठ हजारांहून अधिक लोक आले. रॉक बँडनाही हेवा वाटावा असा हा आकडा.

१९९० च्या ‘व्हायोलेटर’मधल्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा, ‘एन्जॉय द सायलेन्स’चा, जन्म मोठा गमतीचा आहे. गोरने त्याचा कच्चा आराखडा आणला तो संथ लयीत, साथीला फक्त हार्मोनियम. वाइल्डरने लय वाढवायचे सुचवले तेव्हा गोर नाराज झाला. शेवटी लय वाढली, वर गिटारची एक छोटीशी सुरावट आली. तीही एका वेळी एक स्वर.

पुढे गॅनच्या व्यसनाने १९९६ मध्ये बँड संपण्याच्या बेताला आला होता. वाइल्डर त्याआधीच गेला होता. फ्लेचर २०२२ मध्ये वारला. उरलेल्या दोघांनी २०२३ मध्ये नवी तबकडी काढली.

या इतिहासात मुंबईचाही एक तुकडा आहे. रोलँडने १९८१ च्या सुमारास ‘टीबी-३०३’ नावाची छोटी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला मंद्र साथ देण्यासाठी ती होती, आणि त्या कामात ती साफ नापास झाली. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी ती सिंगापूरहून आणली. तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. त्यांनी १९८२ साली तिच्यावर तालयंत्राच्या साथीने दहा राग वाजवून तबकडी केली. कोणी घेतली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ नावाच्या तरुणांच्या गटाने अडगळीतली तीच पेटी वाजवून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार रूढ केला. सिंग यांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा हा माणूस पाच वर्षे पुढे होता हे परदेशातल्या रसिकांना कळले. नंतर युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले. ते २०१५ मध्ये वारले.

मिनीमूग मूळ रूपात २०१६ मध्ये पुन्हा काही काळ बनवला गेला, आणि मोटारीइतकी नसली तरी त्याची किंमत ३००० डॉलरच्या वरच होती. त्याच वाद्याची मोबाइल फोनवर चालणारी हुबेहूब आवृत्ती मात्र २०१८ पासून अगदी थोडक्या पैशांत मिळू लागली. मार्च २०२० मध्ये, लोक साथीमुळे घरात अडकले असताना, कंपनीने ती काही दिवस फुकट दिली. तिच्यात हवे असल्यास एका वेळी चार स्वर वाजतात.